बारा वर्षांच्या येशूचं दप्तर

बेथलेहेमात मरियेचं बाळंतपण कुणी केलं, हे मला बावीस वर्षांत एकाही बाईला सांगता आलं नाही. भिवंडीत ज्या ज्या घरात मी नाताळची गोष्ट घेऊन गेले, त्या घरात हा प्रश्न आलाच. पुरुष विचारायचे, तारा कुठल्या दिशेला होता? पोरं विचारायची, उंट चावतो का? आणि बायका भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारायच्या, "बाई, सुईण कोण होती? नाळ कुणी कापली?" मी म्हणायचे, शास्त्रात, म्हणजे बायबलात, दिलेलं नाही. त्यावर एक म्हातारी म्हणाली होती, "लिहिणारे बाप्ये असणार." आता यावर काय बोलायचं!

या नाताळ अंकाच्या संपादक ताईंनी निरोप धाडला, की तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, नाताळचे दिवस आहेत, लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच शुक्रवार पुढे येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. तेव्हा गमती थोड्या सांगते आणि मग त्या शुक्रवाराकडे जाते. एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

माझं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चला येणारी माणसं, थोडीशीच. नगर-जालन्याकडून यंत्रमागावर, गोडाउनात, दवाखान्यात कामाला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं. रविवारच्या उपासनेला अर्धी गैरहजर, कारण रविवारी ड्युटी. भिवंडीत कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. पाळकसाहेब म्हणाले, "ते येत नाहीत ना, मग बाई, तुम्ही जा." झालं. मी घरवर्गाची शिक्षिका झाले. शुक्रवारी घरोघर जायचं, आईबाप आणि मुलं एकत्र बसवायची आणि येशूचा जन्म आणि बालपण शिकवायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात फेऱ्या इतक्या वाढायच्या की चाळीतली परधर्मी पोरंसुद्धा मला लांबून बघून ओरडायची, "नाताळबाई आली, नाताळबाई आली!" मला ते नाव आवडायचं. वरून रागावल्यासारखं करायचे.

माझं हत्यार म्हणजे एक फळी. तिच्यावर फ्लॅनेलचं कापड ताणून बसवलेलं आणि चित्रांच्या पाठीलाही फ्लॅनेलचे तुकडे डकवलेले. चित्र फळीवर टेकवलं की चिकटून राहतं, उचललं की सुटतं. घरोघर टीव्ही आला होता, तरी या फळीपुढे पोरं डोळे फाडून बसायची, कारण चित्रं लावायचा मान त्यांचा. मेंढरू कोण लावणार यावरून मी सख्ख्या बहिणींच्या हातांतून एकमेकींच्या वेण्या सोडवल्या आहेत. बाळ येशू तर एवढ्या हातांतून गेला की तीनदा नवा करावा लागला. एका रांगत्या बाळानं त्याचं डोकंच चघळून टाकलं होतं.

पण संचात बारा वर्षांचा येशू नव्हता. बाळ होतं, दाढीवाला मोठा होता, मधलं कुणीच नाही. म्हणून मी स्वतः तयार केला. भाच्याच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर शाळेला निघालेला एक मुलगा होता, तो कापला. चड्डी-शर्टावर पांढरा झगा रंगवला, बुटांच्या वहाणा केल्या आणि पाठीवरचं दप्तर पांढऱ्या रंगाखाली घातलं. दोन-तीन वर्षांत रंग उडाला आणि दोन्ही खांद्यांवर दप्तराचे निळे पट्टे दिसायला लागले. म्हटलं, पुन्हा रंगवू कधीतरी. ते राहूनच गेलं.

या मुलाची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नासरेथची माणसं सणाला घोळक्यानं यरुशलेमला गेली. परतताना मरियेला वाटलं पोरगा बापाबरोबर आहे, योसेफाला वाटलं आईबरोबर. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं, पोरगा नाहीच. मग काळजानं ठाव सोडलेला, मागं फिरले. तिसऱ्या दिवशी सापडला तो मंदिरात, मोठमोठ्या पंडितांमध्ये बसून प्रश्न विचारत होता. आई रागावली, तेव्हा तो म्हणाला की मला शोधत कशाला फिरलात, मी इथंच असणार हे तुम्हाला कळायला हवं होतं. आणि मग तो त्यांच्याबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. गोष्ट एवढीच आहे. तिला दोन टोकं आहेत, एक मंदिरातलं आणि एक घरातलं, हे लक्षात ठेवा.

भिवंडीत ही गोष्ट समजावायला कष्ट पडत नसत. एका चाळीची मालकीण आगरी बाई. दारात भाजी निवडत ऐकायची. मध्येच म्हणाली, "आमचा बारका बी असाच वज्रेश्वरीच्या जत्रंत ऱ्हायला व्हता. मना वाटला मामाच्या टेम्पोत हाय, मामाला वाटला आमच्यात हाय. घरी येऊन बगतंय त न्हाय!"

"मग कुठं सापडला?"

"कुंडाजवल. भजी खात बसलेला मेला."

पंडित नाहीत, भजी. पण आईच्या जिवाचं झालेलं पाणी तेच. पुढं कित्येक घरांत मी हीच जत्रा सांगून यरुशलेम समजावलं. याचा मला अजून अभिमान आहे.

आता शमुवेलचं घर. धामणकर नाक्याच्या मागच्या चाळीत एक खोली. शमुवेल जालन्याकडचा, बारा तास लूमवर उभा राहणारा. तोंडाळ नव्हता, दारू नव्हती, पण शुक्रवारी माणूस घरात सापडायचा नाही. मी येताना दिसले की मागच्या दारानं चहाच्या टपरीवर. बायको मार्था जवळच्या कारखान्यात कांडी भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालतात ती सुताची नळी. ती भरायचं काम बायकांचं. तीन मुलं, त्यांत थोरली एस्तेर. बारा वर्षांची, सातवीत. आणि शेजारी सकीना आपा, उत्तर प्रदेशातल्या, ज्या माझा एकही वर्ग चुकवत नसत. गव्हाणीचं चित्र बघून त्या हळहळायच्या, "हमारे क़ुरान में तो मरियम बेचारी अकेली थी, खजूर के पेड़ के नीचे." मग सुईण कोण याचं उत्तर सापडल्यासारखं मार्था म्हणायची, "म्हणजे कुणीच नव्हतं गं बाई तिच्यापाशी." आणि दोघी चित्राकडे बघत राहायच्या.

एस्तेर मात्र नुसती बघत राहणारी नव्हती. माझ्या येशूच्या खांद्यांवरचे पट्टे सगळ्यांत आधी तिनं पाहिले. "बाई, येशूच्या पाठीवर दप्तर आहे."

"ते झग्याचे पट्टे आहेत."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे पटलेलं नाही, असं समजायचं. मास्तरकी केलेल्याला अशी मुलं लगेच ओळखू येतात. मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तेही राहिलंच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या चर्चच्या समितीचा एक तक्ता असायचा. वर्गाला कोण बसलं ते भरायचं: आई, मुलं, बाप. माझ्या तक्त्यात बापाच्या रकान्यात सगळ्या फुल्या. समितीतले वडीलधारे म्हणायचे, "बायकापोरं काय हो, बसतातच. बाप बसले पाहिजेत." दर महिन्याला हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात तेच बसलं. बाप बसला की मी जिंकले.

त्या वर्षी यंत्रमागाला मंदी होती, त्यात रोज भारनियमन. निम्मे कारखाने बंद पडले. शमुवेल दिवसचे दिवस घरी. डिसेंबरातल्या एका बुधवारी मी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत होते, तर गर्दीतून एस्तेर धावत आली. शाळेचाच फ्रॉक, वेण्या सुटलेल्या. हातात चौघडी घातलेला कागद.

"सलाम बाई." आमच्या मंडळीत नमस्कार असाच करतात. "हा फॉर्म आहे. शाळेच्या बाईंनी दिलाय. नगरकडच्या मुलींच्या वसतिगृहाचा. दहावीपर्यंत ठेवून घेतात."

"अरे वा! मग?"

"पप्पा सही करत नाहीत. म्हणतात शाळा बास आता, आईबरोबर कांडीवर जायचं. सोमवारी द्यायचाय फॉर्म." आणि मग श्वास घेऊन, "बाई, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

"मी शुक्रवारी येतेच आहे. बघू."

मी 'बघू' म्हटलं. 'बोलते' नाही म्हटलं. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. रिक्षा आली, मी बसले. ती कागद सांभाळत उभी होती.

शुक्रवारी गेले, तर काय सांगू, शमुवेल घरात! आंघोळ केलेला, केसांना तेल, धुतलेला सदरा, पोरांच्या पुढे मांडी घालून बसलेला. "या बाई. म्हटलं कारखाना बंद, तर आपणही ऐकावं." माझा आनंद पोटात मावेना. बापाच्या रकान्यातली बरोबरची खूण मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. नेमका धडा बारा वर्षांच्या येशूचा. मी वज्रेश्वरीची जत्रा सांगितली, शमुवेल खो खो हसला. पोरगा हरवल्याचं सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी. असा बाप ऐकायला बसला की सांगणाऱ्याला चेव चढतो. मला चढला होता.

एस्तेरनं येशू मंदिरात लावला. अंगठ्यानं दाबून नीट बसवला. माझ्याकडे बघितलं नाही, बापाकडेही नाही, त्या चित्राकडेच बघत म्हणाली, "बाई, येशू आईबापाला न विचारता मागं राहिला. त्यानं चूक केली का?"

स्टोव्हपाशी मार्थाचा हात थांबला. दारात सकीना आपा होत्या. फ्रॉकच्या खिशातून त्या कागदाचं टोक वर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. मला कळलं होतं हो. अगदी लख्ख कळलं होतं. ती गोष्टीतलं विचारत नव्हती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की नाही, चूक नाही केली. जिथं असायला हवं होतं तिथंच तो होता, आणि ते आईबापानंच ओळखायला हवं होतं. आणि मग शमुवेलकडे वळून, "भाऊ, त्या कागदावर सही करा." पेन माझ्या पर्समध्ये होतं.

पण मी शमुवेलकडे बघितलं. पहिल्यांदा बसलेला बाप. त्याला दुखावलं तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा टपरीवर. आणि मी म्हटलं, "चूक नाही गं. पण मुख्य गोष्ट पुढं आहे. तो देवाचा पुत्र, तरी आईबापाबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. आपण ते शिकायचं."

शमुवेलनं मांडीवर थाप मारली. "हां! ऐकलंस? देवाचा पोरगा असून बापाचं ऐकलं त्यानं! बाई, हे लई भारी सांगितलंत."

"बरं," एस्तेर म्हणाली.

मी प्रार्थना सुरू करायच्या आत तिनं येशूला फळीवरून काढला आणि पेटीत ठेवून दिला. मार्थानं चहा दिला. मी तो चहा प्याले, हे मला आज लिहवत नाही, पण प्याले. निघताना सकीना आपा जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "टीचर, लड़की कुछ और पूछ रही थी."

"हाँ आपा. देखूँगी."

म्हणजे पुन्हा 'बघू'च.

मनाशी म्हटलं, रविवारी उपासनेनंतर शमुवेलला बाजूला घेऊन बोलेन. रविवारी गायनाची तालीम, ताऱ्याचा बल्ब लागेना, मेंढपाळांची घोंगडी कुणीच आणली नव्हती. शमुवेल समोरून गेला, मला हसून सलाम करून गेला. सोमवार उलटून गेला. जानेवारीत मार्थाच्या कारखान्यावरून जाताना आत डोकावले, तर तिच्या शेजारी एस्तेर. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी भुसभुस. मला बघून उठली, "सलाम बाई" म्हणाली आणि पुन्हा कांडीवर बसली. तेरावं लागायचं होतं तिला.

शमुवेल पुढचे चार शुक्रवार वर्गाला बसला. मग कारखाने सुरू झाले आणि तो पुन्हा टपरीवर जायला लागला. चार खुणा मिळाल्या मला. समितीनं कौतुक केलं.

मी कोण होते हे बोलणारी? मी स्वतः बापाच्या मर्जीविरुद्ध शिकलेली. बारावीनंतर बापानं नको म्हटलं, तर पत्र्याची ट्रंक घेऊन आत्याकडे निघून गेले आणि अध्यापिका विद्यालयात नाव घातलं. आईनं तीन महिने पत्राला उत्तर दिलं नाही. आणि मी, मी त्या पोरीला आज्ञा शिकवली! कधीकधी एकटी असताना मी मोठ्यानं म्हणते, "अगं बये, काय केलंस हे?" घरातले विचारतात, कुणाशी बोलतेस? काय सांगणार!

असं नाही की मी काही शिकले नाही. त्यानंतर गोष्ट सांगताना दोन्ही टोकं सांगायला लागले. दोन घरांत बापांना समोर बसवून मुलींच्या कागदांवर सह्या घेतल्या. एक बाप पुढं वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्या मुलींपैकी एक नर्स झाली, ती भेटली की गळ्यात पडते. मला आनंद होतो, नाही असं नाही. पण तिला जवळ घेताना माझ्या मनात दुसरीच असते. एस्तेर पुढंही वर्गाला यायची, जागेवर बसायची, प्रार्थनेला मान खाली घालायची. प्रश्न मात्र तिनं पुन्हा एकही विचारला नाही. बाकीच्यांना वाटायचं, मुलगी किती शांत झाली.

अठरावं पूर्ण झालं आणि तिचं लग्न लागलं. मुलगा आमच्यातलाच, भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोडाउनात टेम्पो चालवणारा. मी लग्नाला होते. पंगतीत पुरणपोळी वाढायला तीच आली, नवरीच्या साडीत, कुणाचं ऐकते! माझ्या पानात दोन वाढल्या.

तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझ्या नोकरीचा शेवटचा डिसेंबर आला. वडप्याला दोन-चार घरं होती, त्यांत तिचं होतं. रिक्षातून उतरले, तर दोन्हीकडे गोडाउनांच्या रांगा आणि ट्रकच ट्रक. एका जमीनमालकानं शेतात बांधलेल्या खोल्या, त्यांतली शेवटची. एस्तेर दारात उभी होती. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. बाळंतपणापूर्वी तीही गोडाउनात खोकी बांधायच्या कामाला होती.

फळी मांडायचं मला सुचेना. मी म्हटलं, "एस्तेर, त्या दिवशी मी चुकले गं."

"कुठल्या दिवशी, बाई?" ती म्हणाली. मग तिनं मुलीला दुपट्यावर ठेवलं, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही खोटं कुठं सांगितलंत? तसंच लिहिलंय. मी नंतर वाचून बघितलं."

"त्याच्या आधीचंही लिहिलंय."

"हो. तेही वाचलं."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साठीची बाई मी, त्या खोलीत पोरीसारखी रडले. तिनं मला रडू दिलं. 'जाऊ द्या बाई' म्हणाली नाही. बरोबरच होतं ते.

मग ती खाली बसली आणि तिनं माझी पेटी उघडली. मेंढरं, उंट, तारा, बाळ येशू, सगळं बाजूला सारून तळाशी गेली. तो सापडला. तिनं त्याच्या खांद्यांवरून अंगठा फिरवला.

"अजून दिसतंय."

"दप्तरच आहे ते," मी म्हटलं. "शाळेत चाललेला मुलगा होता तो. मी वरून रंग दिला होता."

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "हा मला देता का?"

मी मान डोलावली. तिनं तो मुलीच्या दुपट्यावर ठेवला. दुपटं फ्लॅनेलचंच, तो लगेच चिकटला. मुलगी पाय झाडत होती, तरी पडला नाही.

"हिला मी गोष्ट सांगेन, बाई," एस्तेर म्हणाली. "पण मंदिरापर्यंतच. पुढं त्याला घरी आणणार नाही."

बावीस वर्षं मी लोकांच्या अर्धवट गोष्टी पुऱ्या करत आले होते. एवढंसं गाळलं तरी टोकायचे. त्या दिवशी मी "बरं" म्हटलं. मला ते पटलेलं होतं.